ताप आहे म्हणून सांग

सकाळी सकाळी तिचा फोन आला. आमच्याच टीममधली, वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान, मला ताई म्हणते. आवाज एकदम सपाट. "ताई, मी आज नाही येत. सरांना सांगशील का, ताप आहे म्हणून?" मी विचारलं किती आहे ताप, तर पलीकडे नुसती शांतता. मग म्हणाली, "ताप नाहीये गं. उठताच येत नाहीये. आंघोळीला जायचं म्हणून कधीची पलंगाच्या कडेला बसलीये, पाय खाली सोडलेत आणि त्याच्या पुढे काही होतच नाहीये." आणि लगेच घाईघाईने, "पण तू ताप सांग हं." मी सांगितला. सर म्हणाले, अरेरे, आराम करू दे तिला. विषय संपला, म्हणजे ऑफिसपुरता संपला, माझ्या डोक्यात मात्र तो दिवसभर कुसळासारखा टोचत राहिला.

कारण दिवसभर ग्रुपवर त्या तापाची विचारपूस चालली होती. काळजी घे. पाणी पीत राहा. रक्त तपासून घे, सध्या साथ आहे. एरवी कुणाच्या अध्यातमध्यात नसलेल्या एका माणसाने स्वतःच्या डॉक्टरांचा नंबरसुद्धा टाकला. आणि ती बिचारी प्रत्येकाला उत्तर देत होती. दुपारी लिहिलं, "१०१ होता, आता उतरलाय." म्हणजे ज्या बाईला पलंगावरून उठून मोरीपर्यंत जाता येत नव्हतं ती तिथे पडल्या पडल्या थर्मामीटरचे आकडे रचत होती, ताप किती वाजता चढवायचा, किती वाजता उतरवायचा, परत आल्यावर अशक्तपणा किती दिवस दाखवायचा, याचा हिशोब करत होती. खरा आजार एकीकडे आणि त्याच्या जोडीला एक खोटा आजार सांभाळायचा, तोही नीट, कुणाला शंका येणार नाही असा. लोकांची माया खरी होती हो, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ती सगळी तापाला मिळाली. तिच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचलं नसणार.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे मी मनातल्या मनात बऱ्याचदा चालवून बघितलं. आमचे सर काही वाईट माणूस नाहीत. ओरडले नसते. पण आधी जरा गप्प झाले असते, मग आवाज खाली आणून म्हणाले असते, "का, काय झालं? घरी काही प्रॉब्लेम आहे का?" आणि ग्रुपवर कुणी एक अक्षर लिहिलं नसतं. सगळा फरक त्या 'का'मध्ये आहे असं मला वाटतं. ताप आलेल्या माणसाला कुणी विचारत नाही की तुला ताप यायला आयुष्यात काय कमी पडलंय. इतकी चांगली नोकरी, इतकी चांगली माणसं, आणि तरी तुला ताप? तापाला कारण लागत नाही, मनाच्या आजाराला मात्र पटण्यासारखं कारण लागतं, आणि ते ऐकणाऱ्याला पटलं तरच आजार मंजूर होतो. घटस्फोट झाला, घरातलं कुणी गेलं, नोकरी गेली, मग ठीक आहे. काहीच झालं नसताना उठता येत नसेल तर तो आळस.

तिचं नंतर कळलं ते असं की दुःख वगैरे काही होत नव्हतं. "रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं, निदान काहीतरी होतंय असं तरी वाटलं असतं," म्हणाली. हे कितीतरी लोकांना माहीतच नाही की डिप्रेशनमध्ये माणूस सतत रडका दिसेलच असं नाही. डॉक्टर लोक एक नऊ प्रश्नांची यादी वापरतात, पीएचक्यू-९ म्हणतात तिला, गेल्या दोन आठवड्यांत हे हे किती वेळा झालं असं विचारणारी. त्यात उदास वाटण्याचा प्रश्न एकच आहे. बाकीचे बघा: कशातच रस वाटत नाही का, झोप उडालीये का किंवा नको इतकी येतेय का, थकवा, भूक, आपण सगळ्यांना निराश केलं असं वाटतं का, लक्ष लागत नाही का, मरण आलेलं बरं असे किंवा स्वतःला इजा करायचे विचार येतात का. आणि एक प्रश्न असा की तुमचं बोलणं-चालणं इतकं मंद झालंय का की दुसऱ्यांच्याही लक्षात यावं. मला तिच्या फोनवरच्या आवाजाची आठवण झाली. तो आवाज तसा कित्येक आठवडे होता. आमच्यातल्या कुणाच्या लक्षात आला होता का? आला होता. आम्ही म्हणत होतो, हल्ली जरा शहाणी झालीये, पूर्वीसारखी बडबड करत नाही.

आमच्या एका मावशीचं डोकं दुखायचं. लहानपणी तिच्याकडे राहायला गेलं की दिवसाढवळ्या एक खोली कायम अंधारी असायची, पडदे ओढलेले, दार अर्धवट लोटलेलं, आत गेलं की आधी बामचा वास यायचा आणि मग हळूहळू कॉटवर तिची आकृती दिसायला लागायची. आम्हा पोरांना ताकीद, आवाज करू नका, मावशीचं डोकं उठलंय. काका येता-जाता दारातून विचारायचे, "डोकं कसंय?" शेजारच्या बायका विचारायच्या, डोकं कसंय. जणू ते डोकं म्हणजे घरातलंच एक वेगळं माणूस होतं, जरा तब्येतीने नाजूक. चष्म्याचा नंबर बदलून झाला, सायनसचं झालं, मानेचे एक्सरे झाले, सगळं नॉर्मल. मग एक वेळ अशी आली की सगळं नॉर्मल म्हणजे ही नाटक करते, असं घरातल्या मोठ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. 'डोकं कसंय' विचारायचा सूरही बदलला. आम्हा पोरांनासुद्धा तो कळायचा.

आज मी तिचं निदान करायला बसणार नाही, तो माझा अधिकार नाही आणि ती आता सांगायलाही नाही. पण एवढं मात्र माहीत आहे की डिप्रेशन आणि एंग्झायटी बऱ्याचदा अंगातून बोलतात. डोकेदुखी, पाठदुखी, छातीत धडधड, पोटाच्या तक्रारी, न संपणारा थकवा. जगभर कितीतरी पेशंट पहिल्यांदा साध्या फॅमिली डॉक्टरकडे याच तक्रारी घेऊन जातात, मनाचं नावही काढत नाहीत, कारण त्यांना खरंच दुखत असतं. रिपोर्ट नॉर्मल आला याचा अर्थ दुखत नाही असा होत नाही, एवढंच होतो की त्या तपासणीत जे शोधलं ते नाही सापडलं. म्हणजे मावशीचं डोकं आणि हिचा ताप यात फरक आहे. हिचा ताप खोटा होता आणि तिलाही ते माहीत होतं. मावशीचं डोकं बहुतेक खरंच दुखत होतं. आणि आम्ही नेमकं त्यालाच नाटक म्हणत होतो!

हे सगळं आठवायला अजून एक निमित्त झालं, आमच्या ऑफिसातला मानसिक आरोग्य दिन. १० ऑक्टोबर, १९९२ पासून जगभर पाळतात. आमच्याकडे हिरव्या रिबिनी वाटल्या, एक क्विझ झाली, मोठ्या पडद्यावर आकडे दाखवले. आकडे खरे होते बरं का, जागतिक आरोग्य संघटनेचे, की २०१९ मध्ये जगात दर ८ माणसांमागे १ जण कुठल्या ना कुठल्या मानसिक आजारासोबत जगत होता. हॉलमध्ये शंभरेक माणसं होतो. मी नकळत मोजायला लागले, बारा-तेरा जण, कोण असतील? सगळे टाळ्या वाजवत होते. शेवटी वक्ते म्हणाले, "बोला! मन मोकळं करा! गप्प बसू नका!" ती माझ्या शेजारीच बसली होती, छातीवर हिरवी रिबीन लावून. ती माझ्याकडे बघून हसली. मला त्या हसण्याचं काय करावं कळेना.

मला या 'बोला बोला'चा हल्ली राग येतो, स्पष्टच सांगते. आजारी माणसाची शक्ती आधीच संपलेली, त्यात हिंमत करून बोलायची जबाबदारीही त्याच्याच गळ्यात. ऐकणाऱ्याने काय करायचं ते कुणी सांगत नाही. आणि ऐकणारा बहुतेक वेळा करतो काय, तर सल्ला देतो. फिरायला जा, पॉझिटिव्ह विचार कर, माझं बघ, मी यातून कसा बाहेर आलो. सल्ला वाईट हेतूने नसतो, पण तो ऐकणाऱ्याची अस्वस्थता मिटवायला असतो असा माझा संशय आहे.

झिंबाब्वेमध्ये डिक्सन चिबांडा नावाचे एक मानसोपचारतज्ज्ञ आहेत. सगळ्या देशात मानसोपचारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके. त्यांची एक तरुण पेशंट आत्महत्या करून गेली, कारण काय तर बसभाड्याला पैसे नव्हते म्हणून ती हॉस्पिटलपर्यंत पोचूच शकली नाही. त्यानंतर, २००६ साली, त्यांनी हरारेत आरोग्यकेंद्रांशी आधीपासून जोडलेल्या आज्यांना हाताशी धरलं. केंद्राच्या इमारतीत जागा मिळाली नाही म्हणून बाहेर झाडाखाली लाकडी बाक टाकले. त्या आज्यांना शिकवलेली गोष्ट म्हणजे उपदेश न करणं (कुठल्याही आजीला हे शिकवणं किती अवघड असेल विचार करा). समोरच्याचं पूर्ण ऐकायचं, मग त्याच्या ढीगभर अडचणींमधली एक त्यालाच निवडायला लावायची आणि तेवढ्या एकीवर पुढचं छोटं पाऊल काय, ते त्याच्याकडूनच काढून घ्यायचं. पुढच्या वेळी त्याचं काय झालं विचारायचं. यावर रीतसर चाचणी झाली, ५७३ लोकांवर, २०१६ मध्ये ती एका नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, आणि सहा महिन्यांनंतर त्या बाकावर बसलेल्यांची लक्षणं नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा बरीच कमी निघाली. मला यातलं सगळ्यात काय आवडतं सांगू? बाक. बाक उघड्यावर आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं की कुणीतरी आजीशी बोलत बसलंय. बोलणं कुणाला ऐकू जात नाही, पण दिसतं सगळ्यांना, आणि रोज दिसलेल्या गोष्टीकडे लोक मान वळवून बघायचं सोडून देतात.

बेल्जियममधल्या गील गावाचं तर याहून जुनं आहे. मध्ययुगापासून तिथे मानसिक आजाराचे लोक संत डिंफ्नाच्या चर्चमध्ये बरं व्हायच्या आशेने यायचे, चर्चमध्ये जागा पुरेना म्हणून गावकऱ्यांनी त्यांना आपापल्या घरी ठेवून घेतलं, आणि ते चालूच राहिलं, शतकानुशतकं. १९३०च्या दशकाच्या अखेरीस असे साडेतीन हजारांहून जास्त पाहुणे गावात घरोघरी राहत होते. आता संख्या खूप कमी झालीये पण पद्धत आहे. यजमान घरांना पाहुण्याच्या आजाराचं नाव सहसा सांगत नाहीत. तो कसा आहे ते त्याच्यासोबत राहून कळतं. तिथल्या एका घरातला पाहुणा रोज आपल्या शर्टाची बटणं पिळून पिळून तोडायचा आणि घरातली बाई रोज रात्री ती परत शिवून ठेवायची. कुणीतरी तिला सुचवलं, माशाच्या गळाच्या दोऱ्याने घट्ट शिवून टाका ना, म्हणजे तुटणारच नाहीत. ती म्हणाली की असं अजिबात करायचं नाही, त्याला बटणं तोडायची गरज आहे. आणि शिवत राहिली.

त्या बाईचं मला राहून राहून वाटतं. तिने त्याला बरं केलं नाही, त्याच्यावर दयाही दाखवली नाही, भाषण तर नाहीच नाही. रोज रात्रीच्या कामांमध्ये एक काम वाढलं, एवढंच.

माझं म्हणणं साधारण असं आहे की मनाच्या आजाराला आता थोडं कंटाळवाणं व्हायला हवं. भयंकर नको आणि थोरही नको. हल्ली एक नवीनच झालंय, जो बोलतो त्याला आपण एकदम लढवय्या करून टाकतो, 'किती धाडसी', 'सलाम', आणि मग त्याने आयुष्यभर धाडसी राहायचं. तापातून उठलेल्याला कुणी सलाम करत नाही. बरं वाटतंय का विचारतात आणि राहिलेली कामं पुढ्यात ठेवतात. मला ते हवंय, तिच्यासाठी. २०२२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या एका कमिशनने याच विषयावर मोठा अहवाल काढला, त्यातही हेच ठळकपणे आलं की मानसिक आजाराबद्दलचा कलंक कमी करायला सगळ्यात उपयोगी पडतो तो प्रत्यक्ष संबंध, म्हणजे ज्यांनी ते भोगलंय अशा माणसांशी ओळख, बोलणं, उठबस. माहितीची पत्रकं एकटी फारसं काही करत नाहीत.

एवढंच काय, माहितीसुद्धा कधीकधी उलटी पडते. मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन कमी झालं की डिप्रेशन येतं, हे आपण किती ठामपणे सांगत आलो! ऐकणाऱ्याला पटकन कळायचं, आजारी माणसाचा दोष नाही हेही कळायचं. पण ती गोष्ट इतकी सरळ नाही, २०२२ च्या एका मोठ्या आढाव्यात सेरोटोनिन कमी असल्याचा ठोस पुरावा सापडला नाही. (त्यावरून लगेच औषधं फसवी असं कुणी काढू नये, औषध उपयोगी पडणं आणि ते का उपयोगी पडतं हे कळणं या वेगळ्या गोष्टी आहेत, माणसं ताप उतरवायची औषधं ती कशी चालतात हे कळायच्या कितीतरी आधीपासून घेतायत.) आणि गंमत अशी की 'हा मेंदूचा बिघाड आहे' असं समजावल्यावर लोक दोष कमी देतात खरे, पण हा माणूस आता कधी बरा व्हायचा नाही, जरा लांबच राहिलेलं बरं, असंही त्यांना जास्त वाटायला लागतं. अभ्यासांमधून हे दिसलंय. दोष गेला आणि अंतर वाढलं.

ती शेवटी डॉक्टरकडे गेली. गोळ्या सुरू झाल्या आणि दुसऱ्या आठवड्यात मला म्हणाली, "सोडून देते ताई, मळमळतंय नुसतं, फरक शून्य." हे कुणीतरी आधीच सांगायला हवं ना! या गोळ्यांचे त्रास पहिल्या दिवसांत येतात आणि गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहासुद्धा, म्हणजे सुरुवातीला माणूस तोट्यातच असतो आणि नेमका तिथेच सोडून देतो. बरं वाटायला लागल्यावरही परस्पर बंद करायच्या नसतात, एकदम थांबवल्या तर चक्कर, अस्वस्थता, झोपेचे हाल होतात, म्हणून डॉक्टर हळूहळू कमी करत नेतात. यालाच लोक 'सवय लागते' म्हणतात. खरी सवय लागायचा धोका असतो तो झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांचा, त्या वेगळ्या, आणि डॉक्टर त्या थोडक्या दिवसांसाठीच देतात. तिने डॉक्टरांना फोन केला, त्यांनी वेळ बदलून दिली, मळमळ कमी झाली.

एकदा मी तिला सरळ विचारलं, जीव द्यायचे विचार येतात का. हा प्रश्न तोंडातून काढायला मला फार जड गेलं, कारण आपल्याला कायम वाटतं की विचारलं तर नसलेलं डोक्यात भरवू. तसं होत नाही, यावर पुरेसा अभ्यास झालाय, उलट विचारलेल्याला बऱ्याचदा हायसं वाटतं. ती म्हणाली, "मरावं असं नाही वाटत, पण सकाळी जाग नाही आली तर चालेल असं वाटायचं. आता कमी झालंय." ते तिने डॉक्टरांनाही सांगितलं. 'हो, आणि कसं करायचं तेही ठरवलंय' असं उत्तर आलं असतं तर तिला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, एवढं मी आधी ठरवून ठेवलं होतं. मग आम्ही कुठल्यातरी रटाळ प्रेझेंटेशनबद्दल बोललो, तेही बराच वेळ.

आणि कंटाळवाणं व्हायला हवं हे जे मी म्हणते ना, ते मुळात माझ्या मामेभावामुळे डोक्यात आलंय. त्याला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी उन्मादात फार वर चढतं तर कधी पार खचतं असा आजार, आणि बरीच वर्षं लिथियमवर आहे. लिथियम म्हणजे एक साधा क्षारच, १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरांनी तो उन्मादावर चालतो असं दाखवलं, आणि इतक्या वर्षांनीही ते त्या आजारावरचं भरवशाचं औषध आहे. फक्त प्रमाण फार जपावं लागतं, थोडं जास्त झालं की विषारी, म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासायचं, किडनी आणि थायरॉइडवर लक्ष ठेवायचं. हे सगळं तो इमानेइतबारे करतो. नोकरी करतो, घर सांभाळतो. त्याची अडचण वेगळीच आहे. तो जोरात हसला की घरातले एकमेकांकडे बघतात. नवीन काही घ्यायचं म्हणाला, रात्री उशिरापर्यंत जागला, गाणं जरा मोठ्याने लावलं, की कुणीतरी हळूच विचारतं, बरंय ना? काळजी आहे, मान्य, आणि आजार परत वर येताना पहिल्यांदा घरच्यांनाच दिसतो हेही खरं, झोप कमी होणं, बोलणं वाढणं, पैसे उधळणं, यावर नजर ठेवायला डॉक्टरच सांगतात. पण साध्या माणसाचा साधा आनंद आणि लक्षण यातली रेघ कुठे मारायची हे कुणालाच नीट येत नाही, आणि मग सोपं म्हणून सगळंच लक्षणात टाकतात.

मागे त्याच्या धाकट्या भावाने त्याची जुनी सायकल त्याला न विचारता विकून टाकली. कॉलेजपासूनची सायकल, वापरत नव्हता पण पुसून ठेवायचा. हा भडकला, कुणीही भडकलं असतं, मी तर भांडी फेकली असती. तर धाकटा अगदी शांतपणे, समजूतदार चेहऱ्याने म्हणाला, "दादा, आज गोळी घेतलीस ना?" त्यावर हा मला फोन करून म्हणाला, "म्हणजे आता मला चिडायलाही डॉक्टरांची चिठ्ठी लागणार का गं?" गोळी त्याने घेतली होती, नुकत्याच केलेल्या तपासणीत रक्तातलं प्रमाणही बरोबर होतं. मी धाकट्याला फोन करून हे दोन्ही सांगितलं. तो म्हणाला, अगं पण मी काळजीपोटीच विचारलं. मी म्हटलं, काळजी राहू दे, सायकल कितीला विकलीस ते बोल. तेव्हापासून तो माझे फोन उचलत नाही, आणि त्या सायकलीचे पैसे दादाला अजून मिळालेले नाहीत.